एमडी, कोकेन आणि मन: घरच्यांकडून वारंवार येणारे प्रश्न

व्यसनमुक्तीच्या कामात फोन येतात ते बहुतेक आयांचे, बहिणींचे, बायकांचे. रात्री उशिरा, बाथरूमचं दार लावून, दबक्या आवाजात केलेले. पूर्वी विषय दारूचा असायचा. आता ‘एमडी’ हा शब्द फार ऐकू येतो, आणि त्याच्या मागोमाग एक वाक्य हमखास येतं: “त्याच्या डोक्यात काहीतरी झालंय.” तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

छातीत दुखत असेल, अंग भाजल्यासारखं तापलं असेल, फिट आली असेल, माणूस शुद्धीवर नसेल किंवा जीव द्यायची भाषा करत असेल, तर पुढचं वाचत बसू नका. १०८ ला फोन करा आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा. छातीत दुखण्यामागे कोकेन आहे की नाही यावर औषधांची निवड बदलते.

१. एमडी म्हणजे नेमकं काय? गांजासारखंच असतं का?

नाही. एमडी म्हणजे मेफेड्रोन. पांढरी किंवा पिवळसर पावडर, नाहीतर बारीक खडे. बहुतेक जण नाकातून ओढतात, काही जण पेयात घालून घेतात. ही उत्तेजक द्रव्यं. झोप, भूक, थकवा उडवून माणसाला चढवून ठेवणारी. कोकेन, मेथ (म्हणजे मेथॲम्फेटामाइन), ॲम्फेटामाइन आणि एक्स्टसीही याच कुळातली.

मेफेड्रोन पहिल्यांदा बनवलं गेलं १९२९ साली, आणि मग ते विस्मरणात गेलं. २००० नंतर ते पार्ट्यांमध्ये आलं, २०१० मध्ये ब्रिटनने त्यावर बंदी घातली. आपल्याकडे ‘म्याऊ म्याऊ’ या नावाने ते मुंबईत पसरत होतं, तरी अमली पदार्थविरोधी कायद्याच्या म्हणजे एनडीपीएसच्या यादीत यायला फेब्रुवारी २०१५ उजाडला. कोकेन समुद्रापलीकडून येतं. एमडी इथेच, रसायनांच्या कारखान्यांत बनते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत छापा घातला, तेव्हा शेकडो किलो माल सापडला होता. इथेच बनते म्हणून ती कोकेनपेक्षा स्वस्त पडते आणि कॉलेजच्या पोरांपर्यंत पोचते.

२. घेतल्यावर मेंदूत काय होतं?

आनंद, उत्साह आणि ‘हे पुन्हा करावं’ ही ओढ यांच्यामागे डोपामाइन नावाचं रसायन असतं. मेंदू ते जपून, थोडं थोडं वापरतो. कोकेन वापरलेलं डोपामाइन परत आत जाऊ देत नाही, आणि मेथ व एमडी साठवणीतलंच बाहेर ओततात. एमडी त्याबरोबर सेरोटोनिन हे मनःस्थितीशी निगडित रसायनही ओतते. म्हणून गप्पा, जवळीक, नाच, सगळं एकदम खरं वाटायला लागतं.

पण हा जोर तासा-दोन तासांत ओसरू लागतो. पुन्हा ओढावीशी वाटते, आणि एका रात्रीत पुडी कधी संपली ते कळत नाही. सकाळी साठवण रिकामी असते. त्यानंतरच्या दिवसांबद्दल प्रश्न ७ मध्ये लिहिलं आहे. माझ्या मते या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर ते आहे.

३. चहा-कॉफीसुद्धा उत्तेजकच ना? मग एवढा बाऊ कशाला?

हा प्रश्न मुलं आईवडिलांना विचारतात आणि आईवडील आम्हाला. कॅफिन उत्तेजक आहे, पण त्याचा रस्ता वेगळा: झोप आणणाऱ्या रसायनाला ते अडवून धरतं. डोपामाइनचा असा लोंढा ते सोडत नाही. कुणी चहा प्यायल्यावर स्विचबोर्ड खोलून आत कॅमेरा शोधत बसत नाही.

४. एकदाच, पार्टीत घेतली तर वेड लागतं का?

बहुतेकांना लागत नाही. हे मी लपवणार नाही, कारण मुलांनी मित्रांना घेताना पाहिलेलं असतं. आपण खोटं भय घातलं की ती पुढचं खरंही ऐकत नाहीत. पण एकाच वेळी जास्त घेतली, दोन-तीन रात्री झोप झाली नाही, घराण्यात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असेल, किंवा सोबत गांजाही असेल, तर पहिल्याच खेपेला भ्रम होऊ शकतो. पुडीत एमडीच आहे याची खात्री कुणालाच नसते. आणि हृदय पहिल्या खेपेला माफ करेलच असं नाही. कोकेनने पंचविशीतल्या माणसालाही हार्ट ॲटॅक येतो.

५. घरात कशावरून ओळखायचं?

एका खुणेवरून ठरवू नका. रात्र-रात्र जागरण आणि नंतर दिवसभर मेल्यासारखी झोप, हा आलटून-पालटून चालणारा प्रकार सगळ्यात बोलका. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. जबडा सतत हलतो, दात खातो, गाल आतून चावलेले. नाक वाहतं किंवा सारखा घोळणा फुटतो. दोन महिन्यांत कपडे सैल होतात. बोलणं भरभर, एका विषयावरून दुसऱ्यावर. खिशात सुरळी केलेली नोट, कडेला पांढरं लागलेलं कार्ड, बोटाएवढ्या झिपच्या पिशव्या.

यातलं बरंच काही परीक्षेच्या ताणानेही होतं आणि थायरॉइड वाढल्यानेही. खोली उपसण्याआधी एकदा शेजारी बसून विचारा.

६. तो म्हणतो, समोरच्या बिल्डिंगमधून आपल्यावर नजर ठेवलीय. त्याला वेड लागलंय का?

बहुधा हा उत्तेजक द्रव्यांमुळे होणारा सायकोसिस आहे, म्हणजे खरं काय आणि भास काय हे न कळण्याची अवस्था. एका घरात मी गेले, तेव्हा दाराच्या भिंगावर बँडेजची पट्टी लावलेली होती, टीव्हीचं तोंड भिंतीकडे होतं, आणि पलंगावर तीन स्विचबोर्डांचे स्क्रू एका वाटीत नीट गोळा करून ठेवलेले होते. इतका व्यवस्थित होता तो मुलगा. त्याच्या दृष्टीने तो स्वतःचं आणि आईचं रक्षण करत होता.

कोणीतरी पाठलाग करतंय, बायकोचं बाहेर काहीतरी चाललंय, फोन हॅक झालाय, असे संशय यात येतात. आवाज ऐकू येतात. काहींना त्वचेखाली किडे वळवळतात असं वाटतं आणि ते हात ओरबाडून काढतात. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ फिलिप कॉनेल यांनी १९५८ मध्ये ॲम्फेटामाइन घेणाऱ्या ४२ रुग्णांचं असंच चित्र तपशीलवार मांडलं होतं. ते स्किझोफ्रेनियासारखंच दिसत होतं, पण द्रव्य बंद केल्यावर बहुतेकांचं ओसरलं.

तुमच्या घरीही ओसरण्याची शक्यता जास्त आहे: बहुतेकांचं काही दिवसांत, काहींचं काही आठवड्यांत. महिना उलटूनही आवाज आणि संशय राहिले, तर मूळचा आजार आहे का हे डॉक्टर तपासतात. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून २०२० मध्ये काढलेला एक आकडा मी घरच्यांना सांगते: ॲम्फेटामाइनने सायकोसिस झालेल्यांपैकी सुमारे २२ टक्क्यांचं निदान पुढे स्किझोफ्रेनियात बदललं. म्हणजे पाचांतल्या जवळपास चौघांचं बदललं नाही. तरीही आवाज गेले म्हणून तपासणी सोडायची नाही. एकदा हे झालेल्या माणसाला पुढच्या वेळी कमी मात्रेनेही, कधी नुसत्या जागरणानेही, तेच भ्रम परत होऊ शकतात.

त्या क्षणी काय करायचं? वाद घालू नका. “कुठे आहे कॅमेरा, दाखव” असं म्हणू नका, आणि “हो, मलाही दिसतोय” असंही म्हणू नका. “तुला भीती वाटतेय, ती खरी आहे. मी इथेच आहे,” एवढं पुरे. टीव्ही बंद, दिवे मंद, घरात माणसं कमी. त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभं राहू नका. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आधीच हलवा. तो धरून ठेवलेल्या माणसासारखा घाबरलेला असतो. चार जणांनी मिळून दाबून धरलं, तर अंग आणखी तापतं आणि जिवावर बेतू शकतं.

७. दोन दिवस घेतलेली नाही, नुसता झोपून आहे. सुटली म्हणायची का?

नाही, आणि हे दिवस नजरेआड करू नका.

उतार सुरू झाला की आधी झोप येते, चोवीस तास, कधी त्याहून जास्त. उठला की वखवखून खातो. घरच्यांना वाटतं, पोर जेवलं, झोपलं, आलं मार्गावर. आई देवापुढे साखर ठेवते. वडील आठवड्याने पहिल्यांदा कामावर जातात. आणि तो एकटा घरात जागा होतो तेव्हा त्याला काहीच बरं वाटत नाही. प्रश्न २ मधली ती रिकामी साठवण. आवडीचं गाणं, मित्र, भाजी-भाकरी, सगळं सपाट. त्यावर उधारीची आठवण, रात्री काय काय बोललो त्याची लाज. जीव द्यायचे विचार याच दिवसांत येतात. दारू सोडल्यावर हात थरथरतात, घाम फुटतो, म्हणून घरचे सावध असतात. इथे थरथर दिसत नाही. आत काय चाललंय ते झोपलेल्या चेहऱ्यावर कळत नाही.

पहिले सात-दहा दिवस कुणीतरी सोबत हवंच. झोपेच्या गोळ्या, उंदराचं औषध, शेतावर असाल तर फवारणीची औषधं कुलुपात. आणि थेट विचारा: “जीव द्यावासा वाटतोय का?” विचारल्याने ती कल्पना डोक्यात जाते ही समजूत चुकीची आहे. ज्यांना मी विचारलं त्यांच्यातले बरेच जण रडले, आणि कुणीतरी विचारलं म्हणून रडले. उत्तर ‘हो’ आलं तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे.

८. उतरवायला तो दारू पितो, झोपेच्या गोळ्या घेतो. निदान झोपतो तरी!

कोकेन आणि दारू एकत्र आली की शरीरात कोकाएथिलीन नावाचं तिसरंच द्रव्य तयार होतं, ते हृदयाला जास्त जड जातं. एमडीचा जोर असेपर्यंत दारू चढलेली कळत नाही, म्हणून जास्त पोटात जाते. जोर उतरला की दारू आणि गोळ्या मिळून श्वास मंदावतात. शिवाय अल्प्राझोलमसारख्या झोपेच्या गोळ्यांची सवय लागली तर एकाची दोन व्यसनं होतात.

९. आधी डिप्रेशन होतं म्हणून घेतली, की घेतली म्हणून डिप्रेशन आलं?

दोन्ही घडतं. कोणतं आधी, हे ओळखायला तारखा उपयोगी पडतात. घरातल्या सगळ्यांनी मिळून एका कागदावर लिहा: पहिल्यांदा कधी घेतली, मधे कधी बंद होती, उदासी किंवा अति उत्साह कधी होता. व्यसन नसलेल्या काळातही मन बिघडलेलं असेल, तर मूळ आजार वेगळा असण्याची शक्यता वाढते. बंद करून तीन-चार आठवडे झाले तरी उदासी तशीच, हेही तसंच लक्षण. डॉक्टरांना हा कागद कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त सांगतो. दोन्ही आजार असतील तर उपचार दोन्हींचे एकाच वेळी. “आधी व्यसन सोड, मग डिप्रेशनचं बघू” असं कुणी सांगितलं तर दुसरा डॉक्टर शोधा. आणि डिप्रेशनच्या गोळ्या चालू असताना एमडी घेतली जात असेल तर डॉक्टरांना सांगाच. दोन्ही मिळून सेरोटोनिन धोकादायक वाढू शकतं.

१०. हे सोडवणारी गोळी आहे का?

ब्राउन शुगरसाठी ब्युप्रेनॉर्फिन आहे. एमडी-कोकेनसाठी अजून तशी मान्यताप्राप्त गोळी नाही. ‘तीन दिवसांत नशामुक्ती’ची पावडर विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. झोप, भ्रम, उदासी यांच्यावर औषधं आहेत आणि ती लागतात. व्यसनावर उपयोग होतो तो समुपदेशनाचा: तलफ कुठे, कुणाबरोबर, पगाराच्या कोणत्या तारखेला येते ते शोधून आधीच वाट बदलायची. सगळ्यात भक्कम पुरावा आहे बक्षीस-पद्धतीचा: लघवीच्या प्रत्येक स्वच्छ तपासणीला ठरलेलं छोटं बक्षीस, लगेच हातात. घरच्यांना हे लाचेसारखं वाटतं. पण रिकाम्या झालेल्या मेंदूला महिन्यांनंतरचं सुख दिसतच नाही, आजचं दिसतं.

११. तो डॉक्टरकडे येत नाही. औषध आमटीत घालून देऊ का?

देऊ नका. लपवून दिलेल्या औषधाबरोबर आत एमडीही गेली तर काय होईल हे कुणाच्या हातात नसतं. आणि ज्याला आधीच वाटतंय की जेवणात काहीतरी घालतात, त्याचा संशय तुम्ही खरा करून दाखवता. मग तो तुमच्या हातचं पाणीही घेत नाही. तो येत नसेल तर तुम्ही एकटे जा. घरच्यांच्या भेटीने सुरुवात झालेले उपचार मी पुष्कळ पाहिलेत.

१२. जबरदस्तीने भरती करता येतं का?

ठरावीक परिस्थितीतच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मद्य आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक स्थितीही मानसिक आजारात मोडते. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू पाहत असेल, किंवा स्वतःची काळजी घ्यायच्या स्थितीत नसेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे त्याच्या वतीने निर्णयात मदत करायला ठरलेल्या व्यक्तीच्या अर्जावरून दाखल करता येतं. त्यासाठी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासणी करायची असते, त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञ. ही मुदत ३० दिवसांपर्यंत. नुसतं ‘ऐकत नाही, पैसे उडवतो’ एवढ्यावर होत नाही.

रात्री गाडी पाठवून मुलाला उचलून नेणारी केंद्रं आहेत. त्यांच्याकडे नोंदणी विचारा, मनोविकारतज्ज्ञ कोण ते विचारा, आणि पहिल्या आठवड्यात भेटू देणार का ते विचारा. साखळीने बांधणं कायद्याने गुन्हा आहे. मारहाणीने भ्रम जात नाहीत, तुमच्यावरचा विश्वास मात्र जातो.

१३. दवाखान्यात नेलं तर पोलीस पकडतील का?

या भीतीने लोक महिने घालवतात. उपचाराची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर कायद्याने बंधनकारक आहे. अपवाद थोडे आहेत, उदाहरणार्थ दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर. सेवन हा गुन्हा आहे हे खरं. पदार्थानुसार सहा महिने ते एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. पण एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत स्वतःहून उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. मित्रांना पुरवत असेल तर गोष्ट वेगळी, मग आधी वकील गाठा.

१४. घरी किट आणून लघवी तपासली, निगेटिव्ह आली. मग खोटं कोण बोलतंय?

कदाचित किट. मेडिकलमधली साधी किट मेफेड्रोन खात्रीने पकडत नाहीत. कोकेनच्या खुणा साधारण दोन-चार दिवसच सापडतात. उलट सर्दीच्या काही गोळ्यांमुळे ॲम्फेटामाइन नसताना पॉझिटिव्ह येऊ शकते. या पट्टीवर मुलाला चोर किंवा साव ठरवू नका. प्रश्न १० मधली बक्षीस-पद्धत वापरायची असेल तर तपासणी प्रयोगशाळेतली हवी.

१५. मुलीला एडीएचडीसाठी (लक्ष न लागणं, अति चंचलपणा) मिथाइलफेनिडेट लिहून दिलंय. तेही उत्तेजकच. तिला व्यसन लागेल का?

डॉक्टरांच्या मात्रेत, तोंडाने, देखरेखीखाली घेतलं तर व्यसनाची भीती फार कमी आहे. ते हळू चढतं, लोंढा येत नाही. आपल्याकडे ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत आहे, म्हणून दुकानदार चिठ्ठीची प्रत ठेवून घेतो. गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा आणि मोजा. धोका वर्गमैत्रिणींनी मागण्यात आहे. घराण्यात सायकोसिस असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

१६. मुलगा अमेरिकेत शिकतो. परीक्षेसाठी मित्राकडून ॲडेरॉल घेतो म्हणाला. तिथे ते औषधच आहे ना?

औषध आहे, पण त्याच्या मित्राचं. ॲडेरॉलमध्ये ॲम्फेटामाइनच असतं. जागरण वाढवून ते घेतल्यावर प्रश्न ६ मधलं सगळं होऊ शकतं. त्याहून मोठी भीती नकली गोळ्यांची. ऑनलाइन किंवा कॅम्पसवर मिळणाऱ्या, हुबेहूब दिसणाऱ्या गोळ्यांत तिथे मेथ आणि फेंटानिल हे अफूच्या कुळातलं फार जहाल द्रव्य सापडलं आहे, आणि फेंटानिलची एक गोळीही जीव घेऊ शकते. रागावून फोन ठेवू नका. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात जायला सांगा. लक्ष लागत नसेल तर त्याची रीतसर तपासणी तिथे होते.

१७. गावाकडे म्हणतात बाहेरची बाधा आहे. आणि मावशी म्हणते लग्न करून द्या.

आवाज ऐकू येतात म्हटल्यावर बाधेची शंका का येते ते मला समजतं. देवाला नमस्कार जरूर करा, पण उपाशी ठेवणं, धुरी देणं, मारणं यातलं काही नको. हृदयावर आधीच ताण असतो. लग्नाबद्दल माझं मत ठाम आहे: नको. ज्याचा संशय अजून गेलेला नाही त्याच्या संशयाचं पुढचं माणूस त्याची बायको असते. ती परक्या घरात, काहीच माहीत नसताना येते.

१८. फोन कुठे करायचा?

मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६, मराठीतही बोलता येतं, चोवीस तास. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. जिल्हा रुग्णालयातला मनोविकार विभाग. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं. पुण्यात १९८६ पासून काम करणारं मुक्तांगण आहे. विमा असेल तर पॉलिसी वाचा. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायला सांगितलं आहे, तरी अटी तपासाव्या लागतात.

१९. चार महिने स्वच्छ होता, परवा पुन्हा घेतली. सगळं पाण्यात गेलं का?

चार महिने त्याच्या मेंदूने भोगलेत, ते पुसले जात नाहीत. त्या रात्री प्रश्न ७ मधली काळजी पुन्हा पहिल्यापासून घ्या. उदासी आणि लाज या वेळी जास्त असते. भाषण उतार संपल्यावर. मग विचारा: त्या दिवशी कुठे होतास, कुणाचा फोन आला, जेवला होतास का, झोप झाली होती का. बहुतेक वेळा उत्तर दोन दिवस आधीच्या एखाद्या गोष्टीत सापडतं.

२०. आवाज गेले, संशय गेला, सहा महिने झाले. पण म्हणतो, कशातच गोडी नाही. हे असंच राहणार?

नाही, पण वेळ लागतो. मेथ सोडलेल्या लोकांच्या मेंदूचे स्कॅन केले, तेव्हा डोपामाइनच्या यंत्रणेत स्पष्ट सुधारणा दिसली ती १२ ते १७ महिन्यांनी. स्मरणशक्ती आणि हालचालींचा वेग तितक्या लवकर भरून आला नव्हता. म्हणजे सहाव्या महिन्यात तो वाटेत आहे. त्याला वेळेवर झोपू द्या, रोज चालायला न्या, नोकरीत लगेच रात्रपाळी नको. स्विचबोर्ड खोलणाऱ्या त्या मुलाची आई अकराव्या महिन्यात फोनवर म्हणाली, “ताई, काल त्याने वरणात मीठ कमी आहे म्हणून सांगितलं.” आम्ही दोघी त्यावर बराच वेळ बोलत होतो.